चादरीचं दुसरं टोक

रुग्णालयाच्या लाँड्रीत तिला सगळे ‘बीए’ म्हणायचे. आधी चेष्टेनं, पुढे सवयीनं. “बीए, वॉर्डाच्या चादरी झाल्या का?” “बीए, चहा घे गं.” पदवीपायी माणसाचं नाव जातं ते असं. तिला मात्र ते आवडायचं. घर आणि नोकरी सांभाळून, दूरशिक्षणातून, नाकी नऊ येईतो राबून मिळवलेली पदवी होती ती. कुणी आयती हातावर ठेवली नव्हती.

आता ती समाजशास्त्रात एमए करायला विद्यापीठात जाऊ लागली होती आणि पहिल्या दिवसापासून तिचं डोकं फिरलेलं होतं. प्रवेशाच्या खिडकीमागच्या कारकुनानं तिचे कागद उलटेसुलटे करून पाहिले.

“बाहेरून केलंय?”

“हो.”

“म्हणजे कॉलेजात गेलाच नाहीत.”

“अभ्यास केला, परीक्षा दिल्या, पास झाले.”

“तेच म्हणतोय मी. गेला नाहीत.”

अशा माणसाशी काय बोलणार? कप्पाळ! प्रवेश मिळाला, पण तात्पुरता. बाहेरून पदवी घेतलेल्यांनी पहिल्याच सत्रात वर्गापुढे एक विषय मांडून दाखवायचा. जमला तर प्रवेश पक्का, नाही तर घरचा रस्ता. बाकीच्यांना ही अट नव्हती. त्यांनी मागच्या बाकावर घोरत पदवी घेतलेली असली, तरी ते कॉलेजात गेले होते ना!

वर्गातली मुलं तिला काकू म्हणत आणि अदबीनं तिच्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवत. मॅडम भराभर बोलत, पोरं भराभर टाइप करत, आणि ही बसलेली असे मांडीवर रिकामे हात घेऊन. कानांवर सगळं पडायचं, आत मात्र काही जायचं नाही. घरी नवरा विचारायचा, “एमए झाल्यावर चादरींच्या घड्या काय आपोआप पडणार आहेत?” तो गमतीनंच म्हणायचा, पण रोज तीच गंमत ऐकून तिला त्याच्या डोक्यात वाटी घालावीशी वाटायची.

खरी गोष्ट अशी, की तिनं बीए एकटीनं केलंच नव्हतं. लाँड्रीतलं घडी घालायचं यंत्र फार पूर्वीच मान टाकून बसलं होतं, त्यामुळे चादरींच्या घड्या हातानं घालाव्या लागत. मोठी चादर एकटीला आवरत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची, ताणायची, उभी दुमडायची, मग चालत एकमेकींकडे यायचं, एकीनं आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची आणि वाकून खालची घडी उचलायची. हिच्या समोरच्या टोकाला कायम थोरली असायची. लाँड्रीत सगळ्यांत जुनी, म्हणून थोरली. तिला गप्प काम करणं म्हणजे शिक्षा. काही तरी सांग, म्हणून ती हिच्या मागे लागायची. हिच्यापाशी सांगण्यासारखं काय होतं? सकाळी वाचलेला धडा. मग धडाच सांगायचा. चादर ताणताना एक वाक्य. दोघी जवळ आल्या, टोकं हातात दिली, की थोरली विचारायची, “मग?” पुढची चादर ताणली जायची आणि पुढचं वाक्य यायचं. पटलं नाही तर थोरली टोक सोडतच नसे. “हे काही खरं नाही हं. नीट सांग.” अख्खं बीए असं चादरींच्या घड्यांतून झालं.

आता सकाळी वर्ग, म्हणून हिनं दुपारची पाळी मागून घेतली. थोरली राहिली सकाळच्या पाळीत.

विषय मांडायचा दिवस आला. तिनं निवडलं होतं शहरातलं शेजारपण. पुस्तकातलं तर होतंच, शिवाय स्वतःच्या इमारतीतल्या दोन म्हाताऱ्यांचं उदाहरण घेतलं होतं. ती उभी राहिली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, “एका भिंतीच्या दोन बाजूंना राहणारी माणसं एकमेकांना ओळखतातच असं नाही.”

आणि थांबली.

तिनं पुढचं वाक्य म्हटलं आणि पुन्हा थांबली. मॅडमकडे बघत राहिली. मॅडम कागदावर काही लिहीत होत्या. मुलं आधी एकमेकांकडे आणि मग आपापल्या फोनमध्ये बघू लागली. तिला सगळं येत होतं, अगदी शेवटापर्यंत, पण प्रत्येक वाक्यापाशी पाय अडायचा. कुणी तरी विचारेल, निदान मान तरी हलवेल, म्हणून ती वाट बघायची.

“पाठ केलेलं विसरलात का?” मॅडमनी विचारलं.

“पाठ केलेलंच नाहीये.”

“असू दे. बाहेरून आलेल्यांचं असंच होतं. बोलायची सवय नसते. सोमवारी पुन्हा करा. मग मात्र संधी नाही.”

बोलायची सवय नसते! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अख्खी पदवी तिनं बोलून मिळवली होती. पण हे सांगायचं कुणाला आणि कसं?

ती तडक लाँड्रीत आली. थोरलीची पाळी संपत आली होती.

“सगळं तुझ्यामुळे झालं!” पिशवी आपटत ती म्हणाली. “तुझ्या त्या ‘मग’मुळे. वाईट सवय लावून ठेवलीस मला. तिथं कुणी विचारत नाही मग बिग. ठोंब्यासारखी उभी होते मी!”

थोरलीनं सगळं ऐकून घेतलं. घरी जायचं सोडून तिनं ढिगातली चादर उचलली आणि एक टोक पुढे केलं.

“धर. सांग सगळं.”

चादर ताणली गेली. हिनं पहिलं वाक्य म्हटलं. दोघी जवळ आल्या, टोकं हातात गेली. ही थांबली. थोरलीनं ओठ घट्ट मिटले होते.

“विचार ना!”

थोरलीनं मानेनं नाही म्हटलं आणि दुसरी चादर उचलली.

हिला रडूच आलं. चिडून तिनं दुसरं वाक्य फेकलं, मग तिसरं. दर वेळी थोरली जवळ यायची, टोकं द्यायची, डोळे प्रश्नांनी फुटायला आलेले, आणि मुकाट मागे जायची. हळूहळू हिचे थांबे लहान झाले. त्या दोन म्हाताऱ्यांपाशी येईतो ही चादरीकडे बघतही नव्हती. मधल्या भिंतीतून त्या एकमेकींना फक्त खोकल्यावरून ओळखायच्या, आणि एका सकाळी पलीकडचा खोकला ऐकूच आला नाही, हे ती एका दमात बोलून गेली. शेवटपर्यंत गेली. ढीग संपत आला होता.

“संपलं,” ती म्हणाली.

थोरलीनं भस्सकन श्वास सोडला. “अगं, मग दार वाजवलं की नाही तिनं? केव्हापासून जीव टांगणीला लागलाय माझा!”

बीएला हसू आलं आणि तिथंच विरलं. सोमवारी ती कुठंही न थांबता बोलणार होती, आणि दार वाजलं की नाही, हे त्या खोलीत कुणीही विचारणार नव्हतं.

उरलेल्या चादरीचं टोक तिनं थोरलीच्या हातात दिलं.

“धर,” ती म्हणाली. “सांगते.”