थान लायशुन घाबरत घाबरत मास्तर कसा झाला

माणसाला जेवढ्या गोष्टींची भीती वाटू शकते तेवढ्या सगळ्यांची थान लायशुनला वाटायची. चीनमधल्या च्याओत्सुओसारख्या कोळशाच्या गावात असल्या माणसाला पोट भरायला फार कमी धंदे उरतात.

बापाने त्याला खाणीत चिकटवलं. पहिल्याच आठवड्यात डोक्यावरचे लाकडी टेकू कुरकुरले आणि हा जो वर आला तो परत खाली गेलाच नाही. मग सिटीबस चालवली. रस्त्यात कागद उडाला तरी हा ब्रेक मारायचा. मागे उभ्या बायका एकमेकींच्या अंगावर पडायच्या आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. मग उंच इमारतींच्या काचा पुसायला दोराला लटकला. चौथ्या मजल्यावर त्याचे हातपाय गळाले. आतल्या लोकांनी खिडकी उघडून त्याला ओढून घेतलं, तेव्हा तो सगळ्या ऑफिससमोर ढसाढसा रडला.

"आली आमची भित्री भागूबाई," बायको फंगशिया त्या संध्याकाळी म्हणाली, आणि शेवयांचा वाडगा त्याच्यापुढे आदळला.

त्यातल्या त्यात टिकला तो एका दवाखान्यात, लुळ्या पडलेल्या रोग्यांना उचलायच्या-बसवायच्या कामावर. तिथले लोक त्याच्याहून जास्त घाबरलेले असत, म्हणून त्याला जरा बरं वाटे. पण एका म्हाताऱ्याच्या दंडावर काळानिळा डाग दिसला आणि म्हाताऱ्याच्या पोरांनी लायशुनची कॉलर धरली. यानेच पाडलं म्हणाले. त्याने पाडलं नव्हतं, पण ऐकतो कोण? नोकरी गेली, आणि परक्या माणसाला हात लावायचा नाही ही गाठ मनात पक्की बसली.

ही भीती काही त्याच्या एकट्याची नव्हती. रस्त्यात कुणी म्हातारं पडलं की लोक आधी मागे सरत, मोबाईल काढून शूटिंग सुरू करत, आणि मगच हात पुढे करत. उचलायला गेलेल्यानेच पाडलं असं ठरलं, तर सगळा खर्च त्याच्या गळ्यात. फंगशियाने बजावूनच ठेवलं होतं, "तू कुणाला उचललंस तर आपल्याला घर विकावं लागेल. सरळ पुढं निघून ये. पळणं तेवढं तुला छान जमतं."

आणि नेमकी त्याच्यावरच ती वेळ आली. हिवाळ्याची सकाळ होती. एका गोदामावर वॉचमन म्हणून रुजू व्हायला तो बागेतून निघाला होता. पुढे चालणारी म्हातारी बर्फावरून घसरली आणि आडवी झाली. आसपास चिटपाखरू नव्हतं.

त्याने ओळखलं. त्या वेईबाई होत्या, रोज सकाळी बागेत म्हाताऱ्यांना ताई ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम शिकवणाऱ्या. त्यांचं पाऊल बाहेरच्या बाजूला वळलं होतं. खुबा मोडला की असंच होतं, हे त्याने दवाखान्यात पाहिलं होतं.

"बाई, मी नाही पाडलं हं," तो लांबूनच म्हणाला.

"मी कुठं म्हणतेय? मोबाईल काढ. माझी मीच पडले असं बोलते, ते भर त्यात."

त्याने काढला. थंडीने मोबाईल बंद पडला होता.

"मग जा बाबा तू," वेईबाई म्हणाल्या. त्यांचे ओठ निळे पडायला लागले होते. "दुसरं कुणी येईल."

लायशुन निघाला. खरंच निघाला. फाटकापर्यंत जाऊन त्याने बाहेर पाहिलं, तर रस्ता रिकामा. मग स्वतःलाच शिव्या घालत तो परत आला. अंगातला कोट काढून त्याने बाईंवर घातला, त्यांच्या मानेखाली हात दिला, त्यांचा पाय हलू दिला नाही, आणि "कुणी आहे का" म्हणून ओरडत राहिला.

लोक आले आणि आधी शूटिंग करू लागले. कुणीतरी दवाखान्याची गाडी बोलावली. तोवर बाईंची शुद्ध गेली होती. मग त्यांचा मुलगा दाजुन धावत आला आणि त्याने लायशुनची कॉलर धरली.

"आईला पाडलंस?"

पळावं असं लायशुनच्या रोमारोमात होतं. पण हात काढला तर बाईंचं डोकं बर्फावर आपटलं असतं.

"नाही पाडलं," तो म्हणाला. "मारायचं तर नंतर मार. आधी पांघरूण आण."

नंतरचे दिवस त्याने घरात बसून पोलिसांची वाट पाहण्यात काढले. फंगशिया एकही टोमणा मारत नव्हती, त्याने तर तो जास्तच घाबरला. शेवटी दाजुन आला, दारातच मान खाली घालून उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, आईने शुद्धीवर येऊन सगळं सांगितलं. तिने बोलावलंय."

वेईबाई खाटेवर होत्या. "हाड जुळेल," त्या म्हणाल्या, "पण आता उभं राहायची भीती बसली रे. मी पडल्याचं कळल्यापासून माझी म्हातारी मंडळी बागेत येऊन नुसती बाकांवर बसतात. माझे चांगले शिष्य आहेत, पण ते धीट. ते सांगतात, भिऊ नका. असं सांगून कुणाची भीती गेलीय? मला घाबरणारा माणूस हवाय. आता माझे पाय तूच."

आधी खाटेवरून, मग चाकाच्या खुर्चीवरून त्यांनी लायशुनला ताई ची शिकवत घडवलं. ताठ झाला की काठीने ढोसायच्या. शरद ऋतूत एका सकाळी त्यांनी त्याला बागेत शिकवायला बाकांसमोर उभं केलं. सगळ्यांचे डोळे आपल्याकडे लागलेले लायशुनने पाहिले. तो हळूच फाटकाकडे वळला.

"पळायचं तर पळ," वेईबाई खुर्चीतून शांतपणे म्हणाल्या. "पण माझे पाय इथं ठेवून जा."

लायशुन थांबला, मागे फिरला आणि त्याने थरथरते हात वर उचलले. ते थरथरणारे हात पाहत बाकांवरची म्हातारी माणसं एकेक करून उभी राहायला लागली.