माझ्या रूममेटची आंघोळ

आंघोळीवर माझ्या रूममेटइतकं प्रेम करणारा माणूस उभ्या ऑस्ट्रेलियात दुसरा नसेल. ॲडलेडला, मॉसन लेक्समध्ये आम्ही शिकायला आलो ते नेमके पाणीटंचाईच्या वर्षांत. घरात सहा पोरं, बाथरूम एक आणि घरमालकाचा हुकूम, शॉवर चार मिनिटांत बंद. चार मिनिटांत या गृहस्थाचं अंगाला तेलही चोळून व्हायचं नाही. मग दोनदा साबण, टाचा घासणं आणि मान चोळताना एक नाट्यपद, हे सगळं कधी व्हायचं? "अर्धवट आंघोळीने डोकं चालत नाही," असं तो गंभीरपणे सांगायचा. वर्षाअखेरीस दोन विषय गेले तेव्हा त्याने खापर शॉवरवरच फोडलं. पण त्या रात्री जेवला नाही. "सुट्टी संपली की मी कोल्हापूरला परत जातो रे. हे आपलं काम नाही," म्हणाला.

त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं पार उत्तरेला, केर्न्सच्या मागच्या पठारावर आंबे तोडायला गेलो. चिकाने हात उतायचे. "याला काय आंबा म्हणायचं?" असं हा रोज हिणवायचा आणि रोज चार खायचा. दुपारी काम सुटलं की आंघोळीला बागेमागे डोह होता. पहिल्याच दिवशी स्वारी पंचा नेसून, साबणदाणी आणि प्लास्टिकचा मग घेऊन निघाली. "नो क्रॉक्स अप हिअर, मेट," बागेच्या मालकाने धीर दिला. "पण हे मगरीला कुणी सांगितलंय का?" याने मला मराठीत विचारलं. पोहता येत नव्हतंच, म्हणून गुडघाभर पाण्यात उभा राहून तो डोहाचं पाणी मगाने डोक्यावर ओतून घेऊ लागला. मालकाची सत्तरीची आई मधोमध पोहत होती, ती थबकली.

"व्हाय डोन्ट यू गेट इन, लव्ह?"

"आय ॲम इन," हा म्हणाला.

डोहात साबण चालत नाही म्हणून म्हातारीने आधी साबण जप्त केला आणि दुसऱ्या दिवसापासून यालाही. ती त्याच्या पाठीखाली हात धरून "लेट गो, लेट गो" म्हणायची आणि हा तिचा दंड आवळून तेहतीस कोटींना हाका मारायचा. तीन आठवडे हेच चाललं. मग एका दुपारी तिने हळूच हात काढून घेतला आणि हा तरंगलाच! कान पाण्यात, डोळे आभाळात, वर काकाकुव्यांचा गोंगाट. मी काठावरून ओरडत होतो, त्याला ऐकूही येत नव्हतं. बऱ्याच वेळाने बाहेर आला आणि पंचा पिळत म्हणाला, "ते दोन विषय परत घेतो रे. बघू, होतील."

विषय झाले. आता तो तिकडेच उत्तरेला नोकरी करतो, मी ॲडलेडला, आणि भेट वर्षाकाठी एखादी. त्या दुपारी मी नुसतं "बरं" म्हणालो आणि तोंड फिरवून बसलो, कारण मला रडू येत होतं. तो परत गेला असता तर मीही इथे टिकलो नसतो. हे त्याला अजून सांगितलेलं नाही. यंदा भेटला की सांगेन म्हणतो.