कूस बदलायची राहिली

माझी जाऊ दवाखान्यात होती तवा तिथं एक सिस्टर रोज दिसायची, पण नाव काही मी विचारलं न्हाई. अख्ख्या बायकांच्या वार्डाला ती एकटीच. कुणी हाक मारली की मान न वळवता "आलेच!" म्हणायची आन् पुढच्या खाटेकडं सुई घेऊन जायची.

शेजारी लकवा झालेली म्हातारी होती. तिच्याजवळ घरचं कुणीच नव्हतं. सकाळपासून ती "कूस बदला गं" म्हणून राहिली होती, आन् माझ्या एकटीच्यानं काही ती हलेना. शेवटी मी सिस्टरला टोमणा मारला, "बाई, तुमचं आलेच म्हंजे वारंगा फाट्यावरची यष्टी, येईल तवा येईल!"

"यष्टी येती तरी, मावशी," ती हसली. "सुई चुकली तर डाक्टर विचारतेत. कूस बदलली का, हे कोणीच विचारत न्हाई. मग तेच राहून जातं."

सांजच्याला ड्युटी संपल्यावर ती घरच्या साडीत आली. दोघींनी मिळून म्हातारीला वळवलं, तर पाठीची कातडी सोललेली. सिस्टरनं जखम पुसली, पट्टी लावली. म्हातारीनं चांगल्या हातानं तिचं मनगट धरलं.

"सोडा आजी, घरी जायचंय," ती म्हणाली. पण हात काही तिनं ओढून घेतला न्हाई.