पहिल्या रांगेतलं गोणपाट

आमच्या घरात पाळण्याआधी चळवळीची पत्रकं आली, असं बाबा सांगतात. त्यामुळे वर्ध्यातल्या नव्या सभागृहाच्या समितीने उद्घाटनात वाचायला जागेचा इतिहास मागितला, तेव्हा मी तो निषेधाच्याच सुरात लिहिला. इथे भाजीबाजार भरायचा, आणि भाजीवाल्यांना न विचारता तो इथून उठवला गेला.

अध्यक्षांनी तेवढाच परिच्छेद छाटला. त्या जागी लिहिलं, 'पूर्वी ही जागा मोकळी होती.' वर मलाच विचारलं, "गाण्याच्या कार्यक्रमात वांगी कशाला?"

त्या मोकळ्या जागेत माझी आत्या जन्मभर वांगी विकत बसली होती. तिला सांगितलं, तर ती शेंगा सोलता सोलता म्हणाली, "मंग मी काय हवेत बसत होती व?"

मी छाटलेला परिच्छेद पत्रक म्हणून छापला आणि उद्घाटनाला दारात उभं राहून वाटला. लोकांनी अदबीने घेतला. आत एसी बंद पडला होता. पाहते तर सगळं सभागृह माझ्या निषेधाने वारा घेत होतं.

तेवढ्यात आत्या आली. पिशवीतून गोणपाट काढलं, पहिल्या रांगेतल्या मधल्या सोफ्यावर अंथरलं आणि पाणी प्यायला निघून गेली.

आमच्याकडे बाजाराचा नियम सरळ आहे: गोणपाट ज्याचं, जागा त्याची. ते उचलणाऱ्याशी पुढे सोयरीकसुद्धा होत नाही. स्वयंसेवक आले, बघून गेले. कुणी हात लावला नाही.

मग अध्यक्ष आले. दुपारपासून 'हॅलो, हॅलो' करून तपासलेला माइक त्यांच्या हातातच होता. सोफ्यापाशी तेही थबकले.

"हे कोनाचं आहे?" आवाज चारी भिंतींतून आला.

"माहं," आत्या पदराला तोंड पुसत म्हणाली.

"मावशी, सोफा माहा आहे ना."

"गोणपाट कोनाचं आहे गा?"

"तुहं."

"मंग जागा कोनाची?"

"अवं, पन आता इथं बाजार कुठं आहे?"

"आता नाई. पैले होता का नाई?"

"होता ना! माही माय तुह्याच बाजूले सांबाराच्या, कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसे. मी तिथंच..."

एवढं बोलल्यावर त्यांचं लक्ष माइककडे गेलं. वारा घेणारे सगळे हात थांबले होते. मागून कुणीतरी खुसखुसलं आणि मग सभागृह फुटलंच.

ते मंचावर गेले. कागद उघडला. "पूर्वी ही जागा मो..." पहिल्या रांगेत आत्या मांडी घालून, गालाला हात लावून ऐकत होती. बाजारात गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की ती अशीच बघायची.

"...पूर्वी इथं भाजीबाजार होता," ते म्हणाले. "आमची मायही इथंच बसे."

खाली आल्यावर ते उभेच राहिले. आत्याने अर्धं गोणपाट दुमडलं.

"ये, बस. सरकली मी."