रणापासून हॉस्पिटल किती लांब

त्या हिवाळ्यात माझ्या फोनच्या नकाशावर मी दोनच ठिकाणं पुन्हा पुन्हा उघडत होते. एक कच्छचं पांढरं रण आणि दुसरं, तिथून सगळ्यात जवळचं मोठं हॉस्पिटल. हॉस्पिटल होतं भूजला, म्हणजे दीड-दोन तासांवर, आणि मी कितीही वेळा बघितलं तरी ते अंतर काही कमी होत नव्हतं.

रण बघायचं होतं माझ्या बाबांना. वसईच्या खाडीकाठच्या मिठागरात त्यांचा जन्म गेला. मिठागर बंद पडलं, आई गेली, आणि बाबा आमच्याकडे निर्मळला राहायला आले. एकदा माझ्या नवऱ्याने त्यांना फोनवर रणाचा फोटो दाखवला. बाबांनी चष्मा पुसून तो परत परत पाहिला. "एवढं मीठ, आनि कोनी काढलं नाय?" म्हणाले. मग दर दोन दिवसांनी, वाडीतल्या केळींना पाणी सोडता सोडता, "एकदा बघायला पायजे," असं स्वतःशीच.

पण पावसाळ्यात त्यांच्या छातीत दोन स्टेंट बसले होते. डॉक्टर म्हणाले, खुशाल जा, फक्त मुक्काम हॉस्पिटलपासून फार लांब करू नका. फार लांब म्हणजे किती, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही. पुढचे पंधरा दिवस मी तेच डोक्यात घेऊन फिरत होते.

रणाच्या अगदी तोंडाशी राहायला तंबू होते, चालत दहा मिनिटांवर. तंबूवाल्याला फोन करून विचारलं, रात्री कुणाची तब्येत बिघडली तर? तो म्हणाला, "मॅडम, आजतक तो किसी की नहीं बिगडी." ते ऐकून मी फोनच ठेवला. अलीकडच्या एका गावात मातीच्या गोल झोपड्या होत्या, छान शेणाने सारवलेल्या. तिथल्या बाईंशी बोलताना फोन तीनदा कटला. जिथे साधा फोन लागत नाही तिथून मी ॲम्ब्युलन्स कशी बोलवणार होते? वहीत औषधांची यादी, डॉक्टरांचे नंबर, जुने रिपोर्ट कुठल्या पिशवीत, सगळं लिहून काढलं. नवरा म्हणाला, "तू सहलीला चालली आहेस की ऑपरेशनला?" मी त्याच्यावर अशी खेकसले की तो बिचारा दोन दिवस त्या विषयावर बोलला नाही.

शेवटी भूजमध्ये खोली घेतली. लिफ्ट असलेलं हॉटेल, हॉस्पिटल पाच मिनिटांवर. बाबा ओट्यावर बसून केळीची पानं कापत होते. त्यांना सांगितलं, "तंबू भरलेत, बाबा."

"सगळे?"

"सगळे."

त्यांनी मान हलवली आणि पुढचं पान घेतलं. मला वाटलं, सुटले.

नवरा घरीच राहिला होता. भूजला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी बाबा आणि मी नाश्ता करून गाडीने निघालो. अंधार पडायच्या आत परत यायचं, हे मी ड्रायव्हरला दोनदा बजावलं होतं. त्यामुळे रणावर पोचलो ते ऐन बाराला. समोर सगळं पांढरं, इतकं की डोळे उघडे ठेववत नव्हते. लोक सेल्फी काढत होते. बाबा कडेला उभे राहिले, कपाळावर हात धरून, आणि पुढे जाईनात.

"बघा ना बाबा, केवढं आहे."

"आता काय दिसनार?" ते म्हणाले. "मीठ बघायचं ते सूर्य वर यायच्या आधी. आता नुसता उजेड दिसतो."

मग माझ्या लक्षात आलं. बाबा मिठागरात अंधारात निघायचे. झुंजुमुंजू व्हायला लागलं की बांधावरून चालत एकेक वाफा बघायचे. दाणा कसा धरलाय, रंग कसा आहे, आज कुठलं मीठ ओढून गोळा करायचं, कुठलं आणखी दोन दिवस ठेवायचं, ते त्या तेवढ्या वेळात ठरायचं. उन्हं चढली की उरायचे ते नुसते कष्ट. मी डबा घेऊन जायचे ती दहा वाजता, म्हणून मला मीठ माहीत होतं ते डोळ्यांना टोचणारं. मिठागरवाल्याची मुलगी मी, आणि बापाला मीठ दाखवायला भर दुपारी घेऊन आले होते. त्यांना काय बघायचंय हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

जवळच एक बाई चहा विकत होती. बाबांनी तिला विचारलं, पहाटे इथे यायचं तर कसं यायचं? तिने समोर बोट दाखवलं. "इधर ही रुक जाओ, काका. आधे तंबू खाली पडे हैं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चहा संपवला आणि गाडीत जाऊन बसले. ड्रायव्हर जेवायला गेला होता. मी शेजारी बसले.

"तंबू भरले नव्हते," ते म्हणाले.

"नव्हते."

"मग तसं सांगायचंस ना, बाय."

मला रडूच आलं. म्हटलं, "मला भीती वाटते बाबा. तुमच्या खोलीच्या दाराशी उभी राहून मी तुमचा श्वास ऐकते रोज." मग लाज वाटली, डोळे पुसले आणि तंबूवाल्याचा नंबर काढला. "आज इथेच राहू. पहाटे मी स्वतः घेऊन जाते तुम्हाला. होईल ते होईल."

बाबांनी माझ्या फोनवर हात ठेवला.

"नको. भूजला चल."

"आता का?"

त्यांनी दुसरा हात छातीवर ठेवला. "आठ दिवस झाले, चार पायऱ्या चढलो का हितं दाबल्यासारखं होतं. मघाशी पन झालं."

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू आनलं नसतंस." मग ते म्हणाले, "मला पन भीती वाटते गं."

ड्रायव्हर आला. भूज येईपर्यंत मी बाबांचं मनगट हातात धरून बसले होते. तिथल्या डॉक्टरांनी त्यांना लगेच दाखल करून घेतलं आणि मला म्हणाले, वेळेवर आणलंत, तिकडेच राहिला असतात तर कठीण होतं. म्हणजे इतके दिवस मी ज्याला भीत होते ते अगदी खरं निघालं होतं. बाहेरच्या बाकावर बसून मी नवऱ्याला फोन लावला, आणि माझं बरोबर होतं हे सोडून बाकी सगळं सांगितलं.