धनश्रीचा सिनेमा आणि कडूबाईंचं रान

मिरजगावपासून आत पाच-सहा किलोमीटरवर असलेल्या एका वस्तीवरची धनश्री नगरच्या कॉलेजात सिनेमा शिकते, हे वस्तीवर सगळ्यांना ठाऊक होतं. सिनेमा शिकते म्हणजे नेमकं काय करते, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. तिसरं वर्ष निम्मं सरल्यावर खरं तर धनश्रीलाही त्याची फारशी खात्री उरली नव्हती. तिचे वडील ज्ञानेश्वर दुधाचा टेम्पो चालवत. कोणी विचारलं की ते सांगत, पोरगी शूटिंग शिकतीय. ऐकणारा लगेच म्हणे, बरं झालं, आमच्या पोराचं लग्न वैशाखात धरलंय, तेवढी तारीख मोकळी ठेवायला सांगा. ज्ञानेश्वर मान डोलवत. अशा चार तारखा त्यांनी लेकीला न विचारताच देऊन टाकल्या होत्या.

सिनेमा शिकला की सिनेमा जास्त आवडायला लागेल, असं धनश्रीला पहिल्या वर्षी वाटलं होतं. झालं वेगळंच. काय आवडलं आणि काय आवडायला हवं होतं, यातलं अंतर दर आठवड्याला वाढतच गेलं. डिसेंबरात हॉस्टेलच्या पाच मुली मिळून एक नवा मारधाडीचा सिनेमा बघायला गेल्या. नायक उसाच्या फडात कोयता घेऊन एकटा चाळीस जणांना लोळवतो, वरून कॅमेरा पाखरासारखा फिरतो, ढोल वाजतात. सगळं थेटर शिट्ट्यांनी दणाणलं. धनश्रीनेही तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली. वस्तीवर शेळ्या वळताना शिकलेली शिट्टी, ती सगळ्यांत मोठी वाजली. सोमवारी वर्गात त्याच सिनेमाची चर्चा निघाली. जो तो म्हणाला, पोकळ आहे, नुसता दणदणाट. धनश्रीनेही होकाराची मान हलवली. मान हलवताना तिला वाटत होतं, मग माझी शिट्टी काय खोटी होती?

त्याच आठवड्यात सत्यशीला मॅडमनी वर्गात पडदे ओढून एक परदेशातला सिनेमा दाखवला. त्यात एक म्हातारा बराच वेळ सायकल दुरुस्त करत बसतो आणि कोणी कोणाशी बोलत नाही. दिवे लागले तेव्हा तिच्या वर्गातला अजिनाथ डोळे पुसत होता. हा जामखेडकडचा, धनश्रीच्या गटात कॅमेरा सांभाळणारा. धनश्री मात्र सबंध वेळ त्या सायकलीची चेन कधी बसते याची वाट बघत होती, आणि शेवटपर्यंत ती काही बसली नाही. तिने अजिनाथला विचारलं, नेमकं कशानं रडू आलं. त्याने बराच विचार केला आणि म्हणाला, "मला पण नीट सांगता येत न्हाई. तू विचारू नको, न्हाईतर आलेलं जाईल."

ती वर्गात फारशी बोलत नसे. पण जानेवारीत एका नव्या गावाकडच्या सिनेमावर बोलणं चाललं होतं. सगळे म्हणत होते, किती अस्सल गाव दाखवलंय. धनश्रीच्या तोंडून निघून गेलं, की त्यातल्या बायकांच्या डोक्यावरच्या घागरी रिकाम्या आहेत. कशावरून, मॅडमनी विचारलं. मानेवरून, ती म्हणाली. भरलेली घागर असली की मान अशी वळत नाही. आणि ती नायिका पिकलेल्या ज्वारीतून पळत सुटते, तेही खोटं. ज्वारीचं पान कापतं. अंगाला खाज सुटते. एवढं पळाली असती तर पुढच्या गाण्यात खाजवत बसली असती. वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत.

"तुला खोटं काय ते बरोबर दिसतं," मॅडम म्हणाल्या. "आता खरं काय ते पाच मिनिटांत दाखव."

तोच तिच्या शेवटच्या वर्षाचा सिनेमा ठरला. विषय, ज्वारीची काढणी. वर्गात मुलं अठ्ठावीस आणि कॅमेरे तीन, त्यामुळे प्रत्येक गटाला दोनच दिवस कॅमेरा मिळणार होता. धनश्रीच्या गटाला गुरुवार आणि शुक्रवार आले. शनिवारी सकाळी कॅमेरा जमा करायचा आणि सोमवारी सिनेमा वर्गापुढे दाखवायचा. तो झाला नाही, तर वर्ष वाया.

तिने वडिलांना फोन केला, वडिलांनी थोरल्या भावजयीला सांगितलं. ही मालनबाई, धनश्रीची मोठी आई. वस्तीवर ज्वारी काढायला सहा बायकांची सावड होती आणि ती सावड मालनबाई चालवायची. सावड म्हणजे आज सगळ्यांनी माझ्या रानात, उद्या सगळ्यांनी तुझ्या. मजुरीचा प्रश्न नाही, दिवसाला दिवस. त्या गुरुवारी पाळी खरं तर कडूबाईंची होती. कडूबाई एकट्या, मुलगा भोसरीला कंपनीत, आणि रान दोन एकर. पण शूटिंग म्हटल्यावर मालनबाईने पाळ्या फिरवल्या. गुरुवारी आपल्या रानात, कडूबाईंचं शुक्रवारी. कडूबाईंनी हरकत घेतली नाही. त्यांनाही सिनेमात यायचं होतं.

गुरुवारी सकाळी धनश्री, अजिनाथ आणि आवाजाचं यंत्र सांभाळणारी नगरची जया, असे तिघे रानात पोचले आणि जागीच थबकले. बांधावर सहा बायका ओळीने उभ्या होत्या. सगळ्यांच्या अंगावर लग्नातली लुगडी. तोंडाला पावडर. कडूबाईंच्या हातात सुनेचं सोनेरी घड्याळ. मालनबाईचा नवरा बन्सी फेटा बांधून, हातात काठी घेऊन, जरा बाजूला पण दिसेल असा उभा होता. रानातला चहाचा चुलाही सारवून त्याच्याभोवती रांगोळी काढली होती.

"मोठी आई, हे काय गं?" धनश्री रडवेली झाली. "रोजचं लुगडं नेस की. मला रोजचंच दाखवायचंय."

"रोजचं रोज हायेच की," मालनबाई म्हणाली. "तू काय रोज शूटिंग काढतीस व्हय?"

कडूबाई म्हणाल्या, हे मोबाईलवर माझ्या माहेरी जाईल. कडूबाई फाटक्यात दिवस काढती असं तिकडं दिसायला नको. तुमच्या त्या मॅडम तरी कॉलेजात फाटकं नेसून येतात का? मॅडम इस्त्रीची सुती साडी नेसत.

काम सुरू झालं. तिकडे ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. दोन्ही मुठींत ताटं धरायची, अंगाचा झोक द्यायचा, काळ्या रानातून मूळ सुटलं की मागे टाकायचं. प्रत्येकीने चार ओळींची आपली पात धरली. अजिनाथने कॅमेरा लावला आणि सहाही बायका कॅमेऱ्याकडे बघून हसल्या. धनश्रीने सांगितलं, बघू नका. तेव्हा त्या गंभीर झाल्या आणि गंभीरपणे कॅमेऱ्याकडे बघू लागल्या. तिने परत एकदा करायला सांगितलं.

"परत कसं?" कडूबाईंनी विचारलं. "उपटल्यालं ताट परत रोवायचं व्हय गं?"

बायका एवढ्या हसल्या की बन्सी काठी टेकत जवळ आला आणि काय झालं ते विचारू लागला. तेवढं हसू चांगलं आलं असतं, पण अजिनाथ तेव्हा भिंग पुसत होता. दुपारी मालनबाईने तिघांना वऱ्हाडासारखं बसवून पुरणपोळी वाढली. जयाने आयुष्यात कधी एवढं तूप खाल्लं नव्हतं. त्यानंतर काम आणखी मंदावलं. भारी लुगडी पानांना अडकत होती, कोणाचा पदर फाटला, आणि धनश्री मधेमधे थांबवत होती. ऊन उतरेपर्यंत रान निम्मंसुद्धा झालं नाही.

तिला मनातून राग आला होता, पण कोणाचा ते कळत नव्हतं. घागर रिकामी म्हणून आपण वर्गात बोट दाखवलं. इथे तर सगळं खरं होतं. रान खरं, ज्वारी खरी, बायका रोज हेच काम करणाऱ्या. तरी कॅमेऱ्यात बघितलं तर सगळं नाटक वाटत होतं. आणि मालनबाईला फाटकं लुगडं नेसायला लावून काढलं असतं, तर ते नाटक नसतं का?

अजिनाथ म्हणाला, काळजी करू नको. उद्या कडूबाईंच्या रानात कोणी नटून येणार नाही. नवेपणा संपलाय, लुगडी मळलीत. उद्याच आपला सिनेमा. धनश्रीला ते पटलं. चहा घेताना तिने मोठ्या आईला सांगितलं, उद्या आम्ही लांबूनच काढू, तुम्ही आमच्याकडे बघूसुद्धा नका.

मालनबाईने बशी खाली ठेवली. "उद्या तुमी तिघं पात धरायची हाय."

धनश्रीला वाटलं, ही थट्टा करते आहे. ती थट्टा नव्हती. आज सहा जणींचा निम्मा दिवस शूटिंगमध्ये गेला. मालनबाईचं रान अर्धं राहिलं ते राहिलं, पण पाळी कडूबाईंची मोडली होती, आणि आभाळ भरून यायला लागलं होतं. ज्वारीवर पाऊस पडला तर दाणा काळा पडतो. तेव्हा उद्या नऊ जणांनी ते रान एका दिवसात मोकळं करायचं, असा शब्द मालनबाईने बायकांपुढे देऊन टाकला होता. दिवसाला दिवस.

"दोघं उपटतो, एक जण शूटिंग करतो," अजिनाथ हळूच म्हणाला.

"मी तीन मानसं सांगितल्यात, पाव्हणं." मालनबाई त्याच्याशी बोलली, पण बघत धनश्रीकडे होती. "धने, तुझ्या कॉलेजासाठी कडूबाईनं पाळी सोडली. मी तिला उद्या काय तोंड दाखवू?"

माझं वर्ष जाईल, असं धनश्री म्हणणार होती. तिने तोंड उघडलंही. पण दोन एकर ज्वारीपुढे वर्ष या शब्दाचं वजन किती, हे तिला ठरवता येईना, आणि तिने कपबश्या विसळायला घेतल्या.

शुक्रवारी तिघे रानात गेले. कॅमेऱ्याची पिशवी बाभळीला अडकवली. दुपारपर्यंत उरकेल, मग काढू, असं त्यांनी आपसात ठरवलं होतं. अजिनाथ कसाबसा टिकून होता. जयाच्या हाताला तासाभरात फोड आले. कडूबाईंनी आपल्या पदराची चिंधी फाडून तिच्या मुठींना बांधली आणि तिला पेंढ्या बांधायला बसवलं. धनश्रीला सवय होती, पण तीन वर्षांपूर्वीची. दुपार झाली तेव्हा रान निम्मं उभं होतं, आणि आभाळ आणखी खाली आलं होतं.

साडेचारच्या सुमारास तिने मान वर केली. सहा बायका, जुनी विटकी लुगडी, डोक्याला फडकी, एका झोकात वाकत होत्या, एका झोकात उठत होत्या. कडूबाई सुनेची नक्कल करून काही सांगत होत्या आणि बाकीच्या उपटता उपटता हसत होत्या. ढगाच्या फटीतून उन्हाची एक तिरीप नेमकी त्यांच्यावर पडली होती. एकीचंही लक्ष दुसरीकडे नव्हतं. धनश्रीला आपला सिनेमा समोर दिसला. पाच मिनिटं नाही, अर्धं मिनिट पुरे झालं असतं.

बाभूळ पन्नास पावलांवर होती. तिच्या दोन्ही मुठींत ताटं होती. तिची पात दोन हात मागे पडली होती आणि शेजारची मालनबाई न बोलता मधूनमधून तिच्या ओळीतली ताटं उपटत होती. आत्ता गेलं, तर मोठी आई तिचीही पात ओढणार, एकही शब्द न बोलता. धनश्रीने बाभळीकडे बघितलं. मग झोक दिला. मूळ सुटलं. ढगाची फट मिटली.

अंधार पडायच्या आत रान मोकळं झालं. शेवटच्या पेंढ्या छपराखाली टाकताना टपोरे थेंब सुरू झाले.

सोमवारी धनश्रीने गुरुवारचंच लावलं. दुसरं काही नव्हतंच. लग्नातली लुगडी नेसलेल्या सहा बायका पावडर लावून ज्वारी उपटताहेत, कॅमेऱ्याकडे बघताहेत, मागे फेटेवाला म्हातारा उभा आहे. वर्गात आधी कोणीतरी फिसकन हसलं, मग बरेच जण हसले. एका मुलाने विचारलं, हे उपरोधानं केलंय का? दुसरा म्हणाला, मुद्दाम असंच केलंय, फार धाडसी आहे. धनश्रीला दोघांचंही समजलं नाही.

मॅडमनी विचारलं, बायका नटल्या का आहेत. शूटिंग होतं म्हणून, ती म्हणाली. पुन्हा हशा झाला.

"कॅमेरा तर दोन दिवस होता ना?" मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी काय केलंत?"

"दुसऱ्या दिवशी आम्ही ज्वारी उपटली. दुसऱ्या एका बाईंची."

"साध्या कपड्यांत होत्या त्या?"

"हो."

"मग ते का नाही काढलं?"

धनश्रीने अजिनाथकडे बघितलं. तो खाली बघत होता. जयाच्या तळहाताला अजून पट्टी होती.

"हात रिकामे नव्हते, मॅडम."

या वेळी कोणी हसलं नाही. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या गटाला बोलावलं. धनश्री जागेवर येऊन बसली. आपण चूक कबूल केली की बरोबर उत्तर दिलं, हे तिला कळेना. पुढचा सिनेमा सुरू झाला. त्यात एक नदी होती, आणि ती बराच वेळ नुसती वाहत होती.