भिवामामाच्या डोक्यावरचा मजला

आमची आज्जी फासेपारधी होती. हे इथं पहिल्यांदाच लिहितेय, कारण आज पहाटे ती गेली.

आडनावावरून कुणाला कळलं नसेल. कळू नये अशीच सोय होती. आता कुणापासून लपवायचं?

नाव तान्हुबाई. बेळगावात सगळे तानाक्का म्हणायचे. शंभरीला टेकली होती, पण कान तिखट आणि जीभ त्याहून तिखट.

मी एमएसडब्ल्यूला ॲडमिशन घेतली तेव्हा घरात सगळ्यांनी कौतुक केलं. आज्जीनं नाही.

"लोकांचं भलं करायला निघालीस व्हय? बस हितं. आधी माझं ऐक."

ते आज लिहून ठेवते.

स्वातंत्र्याच्या जरा आधीचा काळ. इंग्रज सरकारनं आमची अख्खी जात गुन्हेगार ठरवलेली. पोर जन्मायचं तेच चोर म्हणून. तारेच्या कुंपणातली वसाहत, रोज हजेरी, बाहेर जायचं तर पोलिसांचा पास. आज्जी त्या वसाहतीच्या शाळेत चौथी शिकली.

कुंपणाबाहेर राहिलेली माणसं खडेबाजारात दुकानांच्या पायऱ्यांवर झोपायची. पोलीस येऊन काठीनं उठवायचे.

शहरातल्या काही भल्या बायकांनी या लोकांसाठी एक दुमजली घर घेतलं. त्यांच्या प्रमुख एक वकिलीणबाई. पारधी बोली येणारी मुलगी हवी, म्हणून हमी देऊन त्यांनी आज्जीला वसाहतीतून आणलं. सोळा-सतराची पोर. काम एकच, पायरीवरच्या माणसांना समजावून घरात आणायचं.

आज याला आपण फील्डवर्क म्हणतो.

त्या थंडीत पायरीवर तिचा मामाच होता. भिवामामा, आईचा चुलतभाऊ, निपाणीकडून आलेला. त्याचा मुलगा तुरुंगात. बरोबर सून गंगू, दिवस भरलेली.

गंगूचं बाळ रस्त्यावर होऊ नये, एवढंच आज्जीला हवं होतं.

पण मामा घरात पाऊल टाकीना.

कारण त्या घरात पुरुष खाली आणि बायका वर. आमच्यात पुरुषाच्या डोक्यावरच्या मजल्यावर बाईनं चालायचं नाही. तिचं पातळ त्याच्या डोक्यावरून गेलं की तो बाटला. मग पंचांपुढं उभं राहायचं, नाहीतर जातीबाहेर.

मला ही रूढी बाईचा अपमान वाटते. वाटणारच. पण सगळं हिसकावून घेतल्यावर त्या म्हाताऱ्याजवळ जात तेवढी उरली होती.

आज्जीनं वकिलीणबाईंना विचारलं, "बायकांना खाली ठेवलं तर?"

"रस्त्याला लागून? अगं, कुणी दार फोडून आत शिरलं तर?"

त्यांचंही चूक नव्हतं. शिरले असते.

मग संध्याकाळी आज्जी पुन्हा पायरीवर गेली. बोलणं पारधी बोलीत झालं, मी आपल्या मराठीत लिहितेय.

"मामा, वर कुणी न्हाय. नुसती पोती हायत. गंगूला मागच्या खोलीत ठेवतो."

"देवीची आण?"

"आण."

मामा आला. पोटभर भाकरी खाल्ली, घोंगडं पांघरून झोपला. आज्जीनं गंगूला गुपचूप वर नेलं आणि वरच्या बायकांना पाय न वाजवता चालायला सांगितलं.

सकाळी जिना वाजला. एकामागून एक बायका उतरल्या. सगळ्यांत शेवटी, कठड्याला धरून, गंगू.

करायला गेली गणपती, झाला मारुती.

मामा ओरडला नाही. घोंगड्याची घडी घातली आणि म्हणाला,

"पोलीस खोटं बोलत्यात, त्येची सवय हाय गं. तू आपल्या बोलीत बोललीस."

सुनेला घेऊन तो निपाणीच्या वाटेला लागला. पंचांपुढं जाऊन प्रायश्चित्त घ्यायचं होतं. आज्जी मागं धावली, हातापाया पडली. त्यानं वळून पाहिलं नाही.

पास नव्हता. शहर सोडलं आणि पोलिसांनी धरलं. तोवर गंगू झाडाखाली बाळंत झाली होती.

बाळ रडलंच नाही.

आज्जी चौकीत पळत गेली. वकिलीणबाई स्वतः बरोबर आल्या. हे आमच्या घरात राहतात, म्हणाल्या. हवालदार जरा नरमला.

"म्हातारबा, ह्या पोरीला वळखतोस? तुझ्यातलीच हाय न्हवं? व्हय म्हण, दोघांस्नी सोडतो."

गंगू आज्जीकडं बघत होती. सासऱ्यापुढं तिला बोलता येईना.

मामा म्हणाला, "न्हाय. ही आमच्यातली न्हाय."

दोघांना कुंपणाच्या आत पाठवलं. मामा तिथंच मेला. गंगूचं पुढं काय झालं, आज्जीला कधीच कळलं नाही.

आज्जीनं काम सोडलं नाही. वसाहतीत मात्र परत गेली नाही, कुणी बोलावलंही नाही. पुढं लग्न केलं ते दुसऱ्या जातीत. आजोबा छापखान्यात खिळे जुळवायचे. त्यांचंच आडनाव आम्ही लावतो.

"मी त्येला जगवायला गेलतो गं," एवढं सांगून त्या दिवशी ती उठून गेली.

मला मामाचा राग येतो. वकिलीणबाईंचाही येतो, त्या भल्या असूनही. आणि त्या कायद्याचा तर सगळ्यांत जास्त येतो. पायरी किंवा कुंपण, तिसरी जागाच ठेवली नव्हती माणसाला.

परवा हॉस्पिटलमध्ये तिचे केस विंचरत होते. डोळे मिटूनच म्हणाली, "मामा बरूबर बोलला."

मी म्हटलं, "न्हाय आज्जी. चुकला त्यो."

तिनं ऐकलं की नाही, माहीत नाही.

तानाक्का, तू त्यांच्यातली होतीस. चौकीत त्या दिवशी हे म्हणायला कुणी नव्हतं.

आज मी म्हणते. सगळ्यांसमोर म्हणते.

डोळे भरून निरोप, आज्जी.